ओल्या रंगाची गाडी

मास्तरांनी स्प्रेच्या डब्याची कळ दाबली आणि तळहाताएवढ्या गाडीला रडू कोसळलं. छपरावरून निळे ओघळ निघाले, बिनकाचेच्या चौकटींतून आत उतरले आणि दारांवरून खालच्या वर्तमानपत्रावर ठिबकू लागले.

"अहो, रंगवताय की आंघोळ घालताय?" बायकोनं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"पहिला हात असाच असतो," मास्तर म्हणाले. पहिला हात कसा असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण मास्तरकी अंगात मुरली की माणूस न येणारी गोष्टही ठणकावून सांगतो.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, जादा ब्रेकवर पाय ठेवून, आयुष्यभर ते एकच मंत्र जपत आले होते: "हळू!" पण स्प्रेच्या डब्याला जादा ब्रेक नसतो. दुकानदारानं बजावलं होतं, "डबा चांगला हलवा, वीतभर लांब धरा, हात चालता ठेवा, पातळ थर द्या." मास्तरांनी मान डोलावली होती, अगदी त्यांचे विद्यार्थी डोलवायचे तशी.

गाडी खेळण्यातली असली तरी खेळ नव्हता. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून मास्तरांनी बाबांची गाडी उभी केली होती. पाठीत गोल, डोळे बटबटीत, हुबेहूब तीच. मोठी ताई आता घर आवरून लेकीकडे, दूरच्या शहरात कायमची निघाली होती. रविवारी धाकट्या भावाकडे, म्हणजे मास्तरांकडे, जेवायचं आणि संध्याकाळच्या बसनं जायचं. त्याआधी बाबांची गाडी तिच्या हातात द्यायची, एवढीच मास्तरांची इच्छा. पुढची भेट कधी, ते देवालाच ठाऊक. आणि दोघांची वयं पाहता तोही नक्की सांगायला धजत नव्हता.

त्या ओल्या रंगाच्या वासानं मास्तर मात्र पार लहान झाले. बाबांनी जुनी गाडी विकत घेतली होती आणि एका सुट्टीत घरापुढे उभी करून पंपानं स्वतः रंगवली होती. निळी, पावसानं धुतलेल्या आकाशासारखी. दुसऱ्या दिवशी पाहतात तो बॉनेटवर, डाव्या दिव्याच्या वर, छोटासा अंगठा उमटलेला! "कोणी केलं हे?" बाबा गरजले. घरातल्या सगळ्या उचापतींचा मालक ठरलेलाच होता. त्याचा कान पिळला गेला आणि दर रविवारी गाडी धुण्याची शिक्षा झाली. "मी नाही केलं," हे मास्तर तेव्हापासून सांगत होते. कोणी मानलं नव्हतं.

ओघळलेला रंग उतरवायला एक औषध आणलं आणि गाडी ब्रशनं घासून काढली. तासाभरानं बायकोला कळलं की तो ब्रश तिचा होता, दातांचा. त्यावर जे बोलणं झालं ते इथे सांगण्यात पुण्य नाही. निष्पन्न एवढंच, की मास्तरांची रवानगी बाल्कनीत झाली.

देव माणसाची परीक्षा पाहतो म्हणतात. त्या दिवशी त्यानं वाऱ्याला मदतीला घेतलं. मास्तरांनी कळ दाबली आणि निळा ढग गाडीला वळसा घालून खाली उतरला. खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहायचे. त्यांचे पांढरे कोट दोरीवर वाळत होते.

पाच मिनिटांत डॉक्टर दारात. अंगात कोट, अर्धा पांढरा, अर्धा निळा.

"मास्तर, हा घालून मी दात काढू की दारं रंगवू?"

"माफ करा हो डॉक्टर. चुकून झालं."

"तुमच्याकडे गाडी शिकताना मी तुमच्याच समोर भाजीची हातगाडी उडवली होती, तेव्हा मीही हेच म्हणालो होतो. आठवतं, तुम्ही काय म्हणालात?"

मास्तरांना आठवत होतं. म्हणून ते कोटावरचे निळे ठिपके मोजू लागले.

डॉक्टरांची नजर गाडीवर गेली. मास्तरांनी ताईची हकिगत सांगितली आणि डॉक्टरांचा राग तिथेच विरघळला. खाली जाऊन ते दोन मास्क, हातमोजे आणि एक लांब चिमटा घेऊन आले. "एवढ्याशा जागेत हात स्थिर ठेवणं हा आमचा धंदाच आहे. एक मोठं खोकं आणा. आडवं ठेवा. त्याच्या आत फवारा, म्हणजे वारा लागणार नाही."

मास्तर खोक्यासमोर बसले आणि डॉक्टर त्यांच्या शेजारी.

"गाडीच्या आधी सुरू करा! गाडी संपल्यावर सोडा! हात थांबवू नका! हळू! हळू म्हणतो ना!"

"डॉक्टर, ओरडू नका हो. ओरडलं की जास्तच चुकतं."

"मीसुद्धा हेच सांगायचो. ऐकलंत कधी?"

आतून बायको इतकी हसली की तिच्या हातातलं पातेलं वाजलं.

पण हात बसला. धुक्यासारखा एक थर, तो वाळल्यावर दुसरा. रविवारी सकाळी शेवटचा थर पडला आणि गाडी अशी चमकली की मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी ती पुढच्या खोलीतल्या टेबलावर ठेवली, धूळ बसू नये म्हणून वर बुटांचं रिकामं खोकं पालथं घातलं, आणि ते आंघोळीला गेले.

बाहेर आले तर ताई येऊन बसलेल्या, वेळेआधीच. बायको त्यांना चहा देत होती, डॉक्टरही सोहळा पाहायला आले होते.

"ताई, डोळे मीट," म्हणत मास्तरांनी खोकं उचललं, आणि त्यांचाच चेहरा पडला. बॉनेटवर, डाव्या दिव्याच्या वर, अंगठा!

"कोणी केलं हे?" आवाज थेट बाबांचा.

"माझ्याकडे बघू नका, मी आत्तापर्यंत आत कणीक मळत होते," बायको म्हणाली. डॉक्टरांनी दोन्ही स्वच्छ पंजे पुढे केले. ताई शांतपणे चहा पीत होत्या. कप डाव्या हातात, उजवा पदराखाली.

"ताई, तू डावखुरी कधीपासून झालीस गं?"

पदर हलला. निळा अंगठा हळूच बाहेर आला.

"वाळलाय का बघत होते रे."

"आणि तेव्हा?"

ताईंनी कप खाली ठेवला. "तेव्हाही तेच बघत होते."

मग ताईंचा आवाज फुटला. "बाबांनी तुझ्याकडे बघूनच विचारलं रे. मला वाटलं, त्यांचं ठरलंय. मग दर रविवारी तू बादली घेऊन बाहेर जायचास आणि मी खिडकीतून बघायची. किती वेळा ओठांवर आलं..."

"अगं वेडे," मास्तर म्हणाले, आणि त्यांना हसू की रडू ते कळेना, "ती गाडी धुता धुताच मला गाडीचं वेड लागलं. धुऊन झाली की बाबा मला मांडीवर बसवून स्टिअरिंग धरू द्यायचे. तू खरं बोलली असतीस, तर मी आज कुठेतरी खर्डेघाशी करून म्हातारा झालो असतो. अख्खा संसार तुझ्या अंगठ्यावर चालला माझा!"

ताईंनी पदरानं डोळे पुसले. गालावर निळी रेघ उमटली.

"मी पुसून देतो. ओला आहे तोवर खूणही राहणार नाही," म्हणत डॉक्टर बोळा घेऊन पुढे सरसावले.

"खबरदार! आत्ता कुठे ती बाबांची झाली आहे."

ताईंनी गाडी चष्म्याजवळ नेऊन चहूबाजूंनी निरखली. मग उजवा हात अलगद छपराकडे वळवत म्हणाल्या, "पण इथला तरी वाळला असेल ना रे आता?"

मास्तरांचा पाय फरशीवर, नसलेल्या जादा ब्रेकवर, धाडकन दाबला गेला.