सासऱ्यांच्या होडीचं हँडल

दातांचे डॉक्टर असल्यामुळे आपल्याला कशालाही भोक पाडता येतं, असा डॉक्टरांचा पक्का समज होता. सासऱ्यांच्या शिडाच्या होडीवर वारा अडवणारी अॅक्रिलिकची काच होती. तिला एक हँडल बसवायचं निघालं, तेव्हा ते काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

"धक्क्यावरच्या मिस्त्रीला सांगू या की," बायको म्हणाली. "अर्ध्या तासात करून देईल."

"पंचवीस वर्षं लोकांच्या दाढा कोरतोय मी. पेशंट हलतो, ओरडतो, कधी चावतोसुद्धा. काच बिचारी गप्प असते."

खरं कारण वेगळंच होतं. लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी सासऱ्यांनी जावयाच्या हाती एकदाही सुकाणू दिलं नव्हतं. मुलगी दिली, सुकाणू नाही. होडीवर डॉक्टरांचं काम म्हणजे पाण्याची बाटली पुढे करणं आणि सांगितलं की डोकं खाली घालणं. हल्ली सासऱ्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि होडीत उतरताना धरायला काहीतरी हवं होतं. "हँडल नीट बसलं, तर तुमच्या हाती सुकाणू द्यायचं बघू," असं ते म्हणाले होते. तेव्हापासून डॉक्टरांचे पाय जमिनीवर नव्हते.

रविवारी चारला सासरे येणार होते. डॉक्टर दोनलाच ड्रिल मशीन घेऊन होडीत उतरले, नवं कोरं धारदार बिट लावलं आणि दाढेवर देतात तसा जोर दिला. टक् असा आवाज झाला आणि भोकापासून केसाएवढी एक चीर निघाली.

"काही नाही, थोडंसंच आहे," डॉक्टर म्हणाले. पेशंटलाही ते हेच सांगत, आणि पेशंटचाही त्यावर विश्वास बसत नसे.

दुसरं भोक बरं पडलं. मग हँडल हलायला नको म्हणून त्यांनी पान्याने बोल्ट असा काही आवळला की चीर वीतभर लांब झाली. घाम फुटला तरी हाताची सवय सुटली नाही. कोरून झालं की पुसायचं, आणि पुसायचं ते स्पिरिटने. कापसाचा बोळा भिजवून त्यांनी अख्खी काच चोळून काढली. बघता बघता काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उमटल्या आणि ती पांढुरकी पडली. डॉक्टरांनी घाबरून आणखी स्पिरिट लावलं.

आता चीर तरी बुजवावी म्हणून त्यांनी बॅगेतून कवळीचा मसाला काढला. तोही अॅक्रिलिकचाच, तेव्हा तर्क बिनचूक होता. फक्त तो हिरड्यांसाठी केलेला असल्यामुळे गुलाबी होता. पंधरा मिनिटांत तो दगडासारखा घट्ट झाला. सासऱ्यांच्या होडीला मधोमध एक हिरडी आली आणि त्या हिरडीत स्टीलचं हँडल दिमाखात उभं राहिलं.

तेवढ्यात मिस्त्री धक्क्यावरून डोकावला.

"अॅक्रिलिक ना? भोक बोल्टापेक्षा जरा मोठं पाडायचं, मध्ये रबर घालायचं आणि बोल्ट बेताने आवळायचा. स्पिरिट तेवढं लावायचं नाही."

"हे आधी नाही का सांगायचं?"

"विचारलंत कधी? मघाशी माझ्या समोरून शीळ घालत गेलात."

"नवी काच कधी मिळेल?"

"आठवडा तरी जाईल. म्हाताऱ्यांना मात्र तुम्हीच सांगा. मी त्या वेळेला इथे नसेन."

बायको आली, तिने काचेकडे पाहिलं आणि बराच वेळ ओठ घट्ट मिटून हसू आवरलं. "बाबांना सरळ सांगून टाक," ती म्हणाली. डॉक्टरांनी मनातल्या मनात वाक्य जुळवलं. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. सुकाणू आता या जन्मी काही मिळत नव्हतं.

चारला सासरे आले. हँडल धरून खाली उतरले, एक हिसका देऊन पाहिला, "घट्ट आहे" म्हणाले आणि काचेमागे सुकाणूपाशी बसून समोर बघत राहिले.

"धुकं पडलंय," ते म्हणाले.

बाहेर रखरखीत ऊन होतं. "बाबा, ते धुकं नाही, ते मी..."

सासरे उठले. काचेच्या वरून डोकं काढून त्यांनी समुद्राकडे पाहिलं. "इकडेही तेवढंच आहे."

बायकोचं हसू मावळलं. "बाबा," तिने हळूच विचारलं, "कधीपासून पडतंय हे धुकं?"

"झालं असेल वर्षभर. किनारा पाठ आहे, म्हणून चालून जातं."

डॉक्टरांना गेल्या वर्षातल्या सगळ्या फेऱ्या आठवल्या, विशेषतः खडकांना चाटून गेलेल्या. तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"उद्या डोळे दाखवायला जायचं," बायको म्हणाली.

"जाऊ." सासरे सुकाणूवरून सरकले. "जावईबापू, आज तुम्ही धरा. तुमचे डोळे चांगले आहेत."

डॉक्टरांना भरून आलं. हे असं मिळायला नको होतं, असंही त्यांना वाटलं. पण हात केव्हाच सुकाणूवर गेला होता. बायकोने दोर सोडला, शीड फुगलं आणि होडी निघाली. डॉक्टरांनी रुबाबात समोर पाहिलं. मध्ये गुलाबी होतं, भोवती सगळं पांढरं होतं, आणि त्यापलीकडे काय आहे याचा काही पत्ता लागत नव्हता.

"समोरचं दिसतंय ना नीट?" सासऱ्यांनी हँडल धरून विचारलं.

"अगदी स्वच्छ," डॉक्टर म्हणाले, आणि होडीच्या टोकाला उभी राहून बायको ज्या बाजूला हात करत होती, त्या बाजूला मुकाट्याने होडी वळवू लागले.