अण्णांनी भिंत गप्प केली

माणसं दुसऱ्याच्या घरी गेली की आधी खुर्ची शोधतात. आमचे शेजारी वामनअण्णा भिंत शोधायचे. बोटाच्या पेरांनी तीनदा टकटक, मग कान टेकून निकाल, "पोकळ आहे बघा ही. मालकानं फसवलंय तुम्हाला." चहा त्यानंतर.

साठ सालच्या आसपास नोकरीसाठी बंगळूरला आलो, तेव्हा मल्लेश्वरममधल्या एका वठारात बिऱ्हाड मिळालं. वठार म्हणजे एक अंगण, भोवती सहा कौलारू घरं आणि मधे सामाईक भिंती. अण्णा निपाणीकडचे. कारखान्यात इंजिनं तपासायचे, नुसत्या आवाजावरून दुखणं सांगायचे. त्यामुळे जगातला कुठलाही आवाज आपल्या परवानगीनंच निघावा, असं त्यांचं मत होतं. स्वतः मात्र घरात बायकोवर सतत खेकसतात, असं सगळं वठार म्हणे.

एके दिवशी त्यांनी आमची मधली भिंत आवाजबंद करायचं जाहीर केलं. मला राग आला. माझी बायको तेव्हा पेटी शिकत होती. बरी वाजवत नव्हती हे कबूल, पण म्हणून इतकं?

"मेस्त्री बोलवा," मी खोचकपणे म्हणालो.

"आला होता की! दुसरी भिंत बांधा म्हणतोय. स्वल्प विचार केला. थापी त्याची असंल, कान माझा हाय न्हवं? मीच करतो. सरी?"

"सरी?" म्हणजे कानडीत "ठीक?", पण अण्णांच्या "सरी?"ला उत्तर द्यायचं नसे.

दोन रविवार खपून त्यांनी गोणपाटात काथ्या भरला, गाद्या शिवल्या आणि जमिनीपासून चटईच्या छतापर्यंत ठोकल्या. "आता हितं तोफ उडवा!" म्हणाले.

चूक एकच झाली. आमच्या मधल्या भिंती त्या चटईपाशीच संपत. वर कौलांखाली सगळं मोकळं. कौलं चाळताना आम्ही ते पाहिलं होतं, अण्णा तेव्हा कामावर होते.

पुढच्या रविवारी दुपारी मी पेपर वाचत पडलो होतो. पलीकडून अण्णांचा आवाज आला, भोंग्यासारखा.

"मोगरा आणलाय! मोगरा, मोगरा! माळ की!" थोडं थांबून आणखी जोरात, "तुला शोभतो म्हणून आणला!"

मी उठून बसलो. अण्णांच्या बायको, अक्का, कुणाशी बोलत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना आढ्यतेखोर ठरवलं होतं. त्यांना ऐकू येत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. गाद्या आमच्या पेटीसाठी नव्हत्याच. बायकोशी दोन शब्द प्रेमानं बोलायचे, तर ते सहा बिऱ्हाडांना ऐकवावे लागत होते. मला माझीच लाज वाटली.

संध्याकाळी अण्णा दारात आले. टकटक नाही, काही नाही.

"काय वो, दुपारी काही ऐकू आलं?"

"एक अक्षर नाही, अण्णा."

"म्हटलं न्हवतं?" त्यांचा चेहरा खुलला.

त्यानंतर दर रविवारी दुपारची जेवणं झाली की मी आणि माझी बायको फिरायला बाहेर पडू लागलो. बंगळूरचं ऊन भर दुपारीसुद्धा सोसतं, असं आम्ही विचारणाऱ्यांना सांगायचो.