पिस्तुलाची खंडेनवमी

रविवार, दिनांक २१ ऑक्टोबर २००७, विजयादशमी. वेळ सकाळी अकराची. स्थळ लंडनच्या वायव्येस हॅरो येथील एका शाळेचे मैदान. मराठी मंडळाच्या दसरा मेळाव्यातील दहा वर्षांखालील मुलांची ऐंशी मीटरची शर्यत या वेळी सुटावयाची होती. ती का सुटली नाही आणि मग कशी सुटली, हे कळण्यासाठी एक वर्ष मागे जाणे भाग आहे.

मागील वर्षी शर्यत सोडण्याचे काम मंडळाचे अध्यक्ष दीनानाथ यांच्याकडे होते. त्यांनी हात उंचावून "एक, दोन, तीन" असे म्हटले. त्यांचा नातू नकुल "तीन" ऐकताच सुटला. कमलाकरांची नात मायरा मात्र, ज्या देशात ती जन्मली त्या देशाच्या रीतीप्रमाणे, तीननंतर "गो" येईल म्हणून थांबली. नकुल निम्म्या अंतरावर पोहोचला तेव्हाही ती दीनानाथांच्या तोंडाकडे मोठ्या विश्वासाने पाहत होती.

"मी परत कधीच रेस नाही करणार," तिने घरी जाहीर केले. "स्टार्ट फेअर नव्हती."

"पुढच्या वर्षी असेल," आजोबा म्हणाले. "हा माझा शब्द."

कमलाकरांचे आयुष्य इमारतींच्या लिफ्ट तपासण्यात गेले होते आणि शब्द देऊन तो विसरणे त्यांना जमत नसे. कार्यकारिणीच्या प्रत्येक बैठकीत त्यांनी असे प्रतिपादन केले की, मनुष्याच्या तोंडावर विसंबून सोडलेली शर्यत ही शर्यतच नव्हे.

"मग काय आता तोफ आणू?" दीनानाथांनी विचारले.

"तोफेची गरज नाही. पिस्तूल पुरेल."

ते बेसिंगस्टोकच्या एका बंद पडलेल्या ॲथलेटिक्स क्लबच्या अडगळीत सापडले. ते शर्यती सोडण्याचेच होते. नळी भरीव, आणि काम एवढेच की आतली टिकली फोडून मोठा आवाज करावा. लिफ्टच्या दोराकडे पाहावयाची कठोर दृष्टी कमलाकरांनी त्याच्याकडे वळवली. टिकलीवर आपटणाऱ्या हातोडीला गंज होता, स्प्रिंग ढिली होती, आणि चुकून चाप ओढला जाऊ नये म्हणून असलेला खटका झिजून नावापुरता उरला होता. गंज गेला, खटका नवा आला, स्प्रिंग पहिलीपेक्षा कितीतरी दमदार बसली. दुरूनही कोणास ते खरे वाटू नये म्हणून ते भडक नारिंगी रंगवण्यात आले. पोलीस स्टेशनला आगाऊ कल्पना दिली गेली, तेथील हवालदाराने सर्व तांत्रिक तपशील ऐकून घेतल्यावर "हे सगळं मुलांच्या रेससाठी?" एवढेच विचारले. मागच्या बागेतील चाचण्यांत पिस्तूल एकदाही चुकले नाही. शेजारच्या मांजराने कुंपणावर बसणे सोडले.

मग शनिवारी खंडेनवमी आली. कमलाकरांच्या पत्नी सुलक्षणाबाईंनी पाटावर पतीचे पाने, पेचकस आणि ड्रिल, स्वतःचा मिक्सर, मायराचा कॅल्क्युलेटर आणि मधोमध ते नारिंगी पिस्तूल मांडले.

"वरून कुंकू लावते नि झेंडू वाहते. झालं."

"वरून लावलंस तर ती रंगाची पूजा झाली," कमलाकर म्हणाले. "पूजा यंत्राची आहे. यंत्र आत आहे."

"मग अक्षतासुद्धा आतच टाकू का?"

"अर्थात."

"अहो, तांदूळ आहेत ते! उद्या फुटलं नाही तर मला बोलायचं नाही."

"तूही मला बोलायचं नाहीस. मी नवी स्प्रिंग घातली आहे."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने हातोडी मागे ओढून धरली. कुंकवात भिजलेल्या अक्षता यथाविधी आत पडल्या. नंतर त्यांनी पिस्तूल उलटे करून झटकले, फुंकर मारली, पण चाचणी काही घेतली नाही. पूजेत मांडलेली हत्यारे त्या दिवशी वापरावयाची नसतात.

असा तो रविवार उजाडला. मायरा रेषेवर आली. "आजोबांचा गन म्हणजे गन," तिने शेजारच्या मुलांना बजावले. "ते काय बोलतात त्याच्यावर धावायचं नाही."

"जागेवर!" कमलाकर गरजले. "तयार!" मुले वाकली. चाप ओढला गेला. आतून कोणीतरी पापड मोडावा तसा बारीक आवाज आला, आणि पुढे काही नाही.

न फुटलेले पिस्तूल काही काळ आकाशाकडेच रोखून धरावे, खाली आणू नये, हा नियम कमलाकरांनीच केला होता. त्यांनी तो पाळला. बोट चापावर तसेच, हात तसाच वर. मुले वाकलेलीच.

"अहो कमलाकरराव, हा काय पुतळा बसवलाय इथे?" दीनानाथ धावत आले. "तोंडाने म्हणा ना पळा!"

"नाही म्हणणार."

"पोरांच्या कमरा गेल्या!"

"जाऊ देत. तोंडाने सोडलेली शर्यत ही..."

"ते पाठ झालंय आम्हाला! मी म्हणतो मग. पोरांनो, एक, दोन..."

"दीनानाथ, गप्प बसा!"

नकुल कंटाळून बुटाची नाडी बांधावयास खाली बसला. दुसरा एक मुलगा आईकडे पाणी मागू लागला. मायरा तेवढी, नजर समोर, श्वास रोखून, जशीच्या तशी. आणि कमलाकरांनी पुढील युक्तिवादासाठी तोंड उघडले त्याच क्षणी, ओलसर तांदूळ त्या दमदार स्प्रिंगपुढे हरला.

ठो!

सर्वांत जास्त दचकले ते कमलाकर. सर्वांत आधी सुटली ती मायरा. इतर मुले भानावर येईपर्यंत ती दहा पावले पुढे होती, आणि कमलाकरांना, हात अजून वर असतानाच, डोळ्यांत पाणी आल्यासारखे झाले. मग एकाने तिला गाठले. मग दुसऱ्याने. मग पाणी मागणाऱ्याने. एक नाडी सुटलेली तशीच फरफटवत नकुल सर्वांना मागे टाकून पहिला आला. मायरा शेवटची आली.

कमलाकरांच्या बाहीवर अर्धा लाल तांदूळ पडला होता. सुलक्षणाबाईंनी तो पाहिला आणि, बोलायचे नाही असे ठरले असल्याने, त्या बोलल्या नाहीत.

"कमलाकरराव, ही काही खरी शर्यत नव्हे," दीनानाथ हळू आवाजात म्हणाले. "पोरीवर पुन्हा अन्याय नको. रद्द करा, परत घेऊ."

कमलाकरांजवळ शर्यत रद्द ठरवणारी तीन कारणे तयार होती. त्यातले पहिले त्यांच्या ओठांवर आले, तोच मायरा धापा टाकत येऊन उभी राहिली.

"नको आजोबा," ती म्हणाली. "गन उशिरा वाजला, पण सगळ्यांना सेम उशिरा. स्टार्ट एकदम फेअर होती. मी स्लो आहे."