जगदाळे सरांचा पाचवा चंबू

जगदाळे सर लग्नाला निघाले की आहेराच्या पाकिटाबरोबर खिशात खाण्याच्या सोड्याची पुडी घेत. पंगतीला बसण्याआधी सरबताच्या पेल्यात चिमूटभर सोडा टाकायचे आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहायचे. फेस भसकन वर आला तर लिंबं भरपूर, रेंगाळत आला तर पाणी जास्त. धारला माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात हा तपास झाला. मग त्यांनी हलवायाला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, "भिया, पहली पंगत में नींबू था. दूसरी में नींबू की याद है."

आमच्याकडे काही कार्य निघालं की तो हलवाई अजून आधी विचारतो, "वो सोडेवाले मास्साब आ रहे हैं क्या?"

देवासच्या मुलींच्या शाळेत सर रसायनशास्त्र शिकवायचे आणि मी गणित. जगातल्या बहुतेक भानगडींचं मूळ त्यांच्या मते एकच होतं. "गर्दी वाढली की टकरा वाढतात, टकरा वाढल्या की काम लवकर उरकतं." मूळ नियम द्रावणातल्या कणांचा, पण सर तो कुठेही लावत. नवरात्रात देवीच्या टेकडीवर चपला भराभर हरवतात त्या यामुळेच. स्टाफरूममध्ये पाचवा माणूस आला की भांडण लागतं तेही यामुळेच.

लग्न का केलं नाहीत, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं.

"अहो, टक्कर व्हायला दोन कण लागतात," ते म्हणाले. "आम्ही एकच."

घरी ते आणि त्यांची आई. तिला ते आईसाहेब म्हणत. सर निवृत्त झाले त्याच वर्षी आईसाहेब गेल्या. त्यानंतर सर संध्याकाळी आमच्याकडे सकाळचा वाचलेला पेपर परत करायला येत. पेपर त्यांचाच असे, पण हे मी कधी बोललो नाही. चहा घेत आणि "चला, उशीर झाला" म्हणून उठत. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं.

इकडे शाळेत त्यांची जागा रिकामीच राहिली. बारावीच्या मुलींचे प्रयोग अडले, तेव्हा प्राचार्यांना विचारून मी सरांना दर बुधवारी बोलावलं. पहिल्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून अर्धा तास आधीच आले.

प्रयोग त्यांच्या आवडीचा. कागदावर पेनानं फुली काढायची, तिच्यावर काचेचा चंबू ठेवायचा. चंबूत हायपोचं, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचं द्रावण, त्यात थोडं ॲसिड. गंधक तयार होऊन पाणी दुधासारखं गढुळतं आणि वरून बघताना फुली दिसेनाशी होते. पुढच्या चंबूत हायपो कमी, पाणी जास्त. तिथे फुली जायला जास्त वेळ लागतो. तीन चंबूंत नियम डोळ्यांनी दिसतो.

सरांचा तास संपला की त्याच वर्गावर माझा तास. दोन-तीन बुधवार मुली उशिरा आल्या. मग पंधरा मिनिटं उशिरा. शेवटी मी जरा चिडूनच प्रयोगशाळेत गेलो.

टेबलावर पाच चंबू होते. चार दुधाळ झाले होते. पाचव्याभोवती मुली वाकून उभ्या होत्या आणि त्यात फुली अजून स्वच्छ दिसत होती. घड्याळ एका मुलीच्या हातात होतं. सर पीपलरावां गावाहून येणाऱ्या मुलीला विचारत होते, "दादी के घुटने कैसे हैं अब?"

"सीढ़ी नहीं चढ़ पातीं, सर."

"तो बिस्तर नीचे लगाओ उनका."

दुसरी बागलीला मामाच्या लग्नात काय नाचली ते सांगत होती. सर मान डोलवून ऐकत होते. साडेसात मिनिटांनी फुली गेली. मुली वह्या घेऊन माझ्या वर्गाकडे पळाल्या.

मी थांबलो. "सर, नियम कळायला तीन चंबू पुरतात."

"पुरतात," चंबू सोड्याच्या पाण्यात रिकामे करत ते म्हणाले. "दोनही पुरतात."

"मग हा पाचवा?"

त्यांनी तो विसळला, उजेडाकडे धरून बघितला, परत विसळला.

"दाट द्रावणात फुली वीस सेकंदांत जाते. मुली आकडा लिहितात आणि निघतात. पातळ असलं की थांबावं लागतं. थांबल्या की बोलतात." मग म्हणाले, "एरवी माझ्याशी कोणी बोलतच नाही असं नाही. दूधवाला बोलतो."

मी वर्गावर गेलो आणि फळ्यावर चुकीचं उदाहरण लिहिलं.

पुढच्या बुधवारी बेल झाल्यावर मी आपणहून प्रयोगशाळेत गेलो. पाचवा चंबू नुकताच गढुळला होता. मला दारात पाहून मुली वह्या गोळा करू लागल्या. सरही लगबगीनं उठले.

"आमचं आटोपलंच. तुमचं गणित?"

"उद्या घेतो," मी म्हणालो. "आज मलाही बघायचंय."

सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग कपाटातून आणखी एक चंबू काढला, तळ ओला होईल इतकाच हायपो घेतला आणि वर नुसतं पाणी भरलं. ॲसिड घातलं. पीपलरावां गावच्या मुलीनं आत डोकावून विचारलं, "सर, ये कब मिटेगा?"

"टाइम लगेगा, बेटा," सर म्हणाले. "सब बैठ जाओ."

मी स्टूल ओढून घेतलं.