कोपऱ्यातला माणूस

"म्याडम, तुमी आमच्या बाला मारलं," फोनवरचा माणूस शांतपणे म्हणाला.

शिवकन्याच्या कडेवर दहा महिन्यांची रागिणी होती आणि रागिणीच्या तोंडात ऑफिसची किल्ली. शिवकन्यानं आधी ती काढून घेतली. 'कयाधूकाठ' या चार पानी दैनिकाला तिनं नवं रूप दिलं, त्याला आज सहावा दिवस होता. पाच दिवसांत तिनं फोनवर बरंच ऐकलं होतं. अक्षरं मोठी करून तुम्ही आम्हाला आंधळं ठरवलं, असं एका निवृत्त गुरुजींनी सुनावलं होतं. कळमनुरीहून एका बाईंनी विचारलं होतं, "मधी मधी कोरी जागा काहून सोडली? बातम्या सरल्या का?" एका भजेवाल्याची तकलीफ अशी होती, की नव्या रंगीत शाईनं त्याचे भजे निळे होऊन राहिले होते. पण माणूस मारल्याची तक्रार पहिलीच.

"कोण बोलतंय?"

"रणजीत. कनेरगाव नाक्याच्या अलीकडच्या तांड्यावरून. आज बाच्या सत्तरीची जाहिरात हाय न्हाई का तुमच्यात? सकाळपासून मानसं रडत येऊन राहिली. बा अंगणात चहा पिऊन राहिला."

समोरच्या टेबलामागे संपादक-मालक देविदासकाका बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि अंकाच्या पहिल्या पानावर, खालच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "मी सांगितलं होतं."

त्यांनी खरंच सांगितलं होतं. एकतीस वर्षं त्या कोपऱ्यात निधनवार्ता यायची. फोटो, नाव, गाव. हॉटेलात, ढाब्यावर पेपरची घडी घालून गल्ल्याशेजारी ठेवला, की नेमका तो कोपरा वर यायचा. त्यामुळे पेपर न वाचणारेसुद्धा तेवढं पाहून घेत आणि हातातला कप खाली ठेवून सांत्वनाला निघत. "अमक्याची तब्येत कशी हाय?" "आता कुठली तब्येत, कोपऱ्यात गेला तो," असं बोलणंच त्या भागात पडून गेलं होतं.

शिवकन्याला तो कोपरा खुपायला लागला तो रागिणीमुळे. रांगायला लागल्यापासून ही पोरगी सकाळी थेट पेपरवर जाऊन बसे आणि कोपऱ्यातल्या फोटोवर बोट ठेवून आईकडे बघे. हे कोण, असं. रोज नवं माणूस, आणि रोज सांगायला एकच उत्तर. महिनाभर असं झाल्यावर शिवकन्यानं रागिणीच्या दोन झोपांच्या मधल्या वेळात नवा पेपर मांडायला घेतला. निधनवार्ता शेवटच्या पानावर, ऐसपैस जागेत, चार ओळी माणसाबद्दल लिहून. आणि कोपऱ्यात जित्या माणसांचे वाढदिवस.

"आठ दिवस देतो," काका म्हणाले होते. "बोंब झाली तर जुना पेपर जसाच्या तसा. आणि तू परत जाहीर नोटिसा टाइप करायला."

सहा वर्षं तिनं जाहीर नोटिसाच टाइप केल्या होत्या. "चालेल," ती म्हणाली होती.

पहिले पाच दिवस कोपऱ्यात फुगे धरलेली लेकरं आली, तेव्हा कोणी फसलं नाही. रणजीतचा बा नेमसिंग हा पहिला पांढऱ्या मिशांचा. त्याचा घरात एकच चांगला फोटो होता, ग्रामपंचायतीच्या सत्कारातला. गळ्यात झेंडूचा जाड हार, नजर सरळ समोर. शिवकन्यानं हार तसाच ठेवला, शोभत होता म्हणून. वर 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' अठ्ठावीस पॉइंटच्या ठळक अक्षरात होतं. पण एकतीस वर्षांत त्या कोपऱ्यात अक्षर कोणी वाचलंच नव्हतं.

"चल," काका उठले. "पाया पडून माफी मागू. पोरीला घे."

तांड्यावर पोचेपर्यंत अंगण भरलं होतं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. मधोमध बाजेवर नवाकोरा फेटा बांधून तांड्याचा नाईक नेमसिंग बसला होता. येणारा माणूस पदर किंवा उपरणं तोंडाला लावूनच फाटकातून शिरे, बाजेपर्यंत येई, नेमसिंगाला पाही आणि कुठे बघावं ते न कळून शेजारच्या म्हशीकडे बघत उभा राही.

ओसरीवर पिठल्याची सात पातेली आणि भाकरीच्या चवडी मांडून ठेवल्या होत्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून आजूबाजूच्या गावच्या बायकांनी डोक्यावरून आणलेल्या. आतून मात्र तुपातल्या लापशीचा वास येत होता.

"माणूस अजून नेला न्हाई, अन् बाई गोड रांधून राहिली," आत्ताच आलेल्या नीलाबाई शेजारणीच्या कानात म्हणाल्या.

रूपाबाई, म्हणजे नेमसिंगाची बायको, झारा घेऊन दारात आली. "जित्ता हाय ना वो माय तो. त्यालाच तर रांधून राहिले."

"मंग आमी आणलेलं पिठलं?"

"ते बी खाईल. त्याचं काय जातं?"

देविदासकाका हात जोडून पुढे झाले. "नाईक, फार मोठी चूक झाली. मी या पेपरचा मालक."

"बसा," नेमसिंग म्हणाला. "गर्दीत बोलू नका, मला पाहू द्या कोण कोण आलं ते. सरपंच आला न्हाई. त्यानं रणज्याच्या मोबाईलवर जोडलेले हात पाठवले. माझ्या खांद्यावर चढून निवडून आलं बेनं."

काका बसले. शिवकन्या रागिणीला घेऊन बाजेच्या कडेला टेकली. तेवढ्यात फाटकातून एक उंच, वाळका म्हातारा आत आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्याला पाहून बायकांनी एकमेकींना ढोसलं.

तो पलीकडच्या गावचा नामाजी. मेंढ्यांचा कळप राखणारा. दरवर्षी त्याची मेंढरं खतासाठी नेमसिंगाच्या रानात बसायची. एका साली नेमसिंगानं शब्द दिला नामाजीला आणि रानात बसवली दुसऱ्याचीच मेंढरं. त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून दोघं बाजारात समोरासमोर आले तर एक जण रस्ता ओलांडायचा.

नामाजीनं मान वर केलीच नाही. तो फाटकाशीच मातीत बसला आणि मोठ्यानं रडायला लागला. "नेमू, गेलास व्हय रे. दर साली म्हणलं, औंदा बोलू. औंदा बोलू. राहूनच गेलं की रे."

बाजेवरच्या नेमसिंगानं बशीतल्या चहाचा घोट घेतला. मग म्हणाला, "मंग आता बोल."

नामाजीनं मान वर केली. त्यानं फेटा पाहिला, मिशा पाहिल्या, हातातली बशी पाहिली.

"मेला न्हाईस तू?"

"न्हाई."

"बराबर हाय," नामाजी उठला आणि धोतर झटकू लागला. "मंग मी जातो."

"अन् रडलास ते? ते कुठं घेऊन चालला?"

"ते मेलेल्यासाठी व्हतं."

"मेंढरं कव्हा बसवतो?" नेमसिंगानं विचारलं.

नामाजी पाठमोराच उभा राहिला. तसाच म्हणाला, "तुझं रान मोकळं कव्हा हाय?"

"हळद निघाली की."

"मंग तव्हाच." असं म्हणून तो परत फिरला आणि बाजेच्या दुसऱ्या टोकाला, अंग चोरून, बसला. रूपाबाईनं त्याच्यापुढे लापशीची थाळी ठेवली. त्यानं ती सरकवली आणि पिठलं मागितलं.

काकांना वाटलं, आता बोलायला हरकत नाही. ते उभे राहिले. "मंडळी, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मी दिलगीर आहे. उद्यापासून पेपर जुनाच निघेल. कोपरा गेलेल्या माणसांचाच राहील."

"नाही काका," शिवकन्या म्हणाली.

काकांनी वळून पाहिलं. एवढ्या लोकांत तिनं त्यांना कधी अडवलं नव्हतं. तिनं ऑफिसातही कधी अडवलं नव्हतं.

"चूक माझी आहे. हार काढायला पाहिजे होता," ती म्हणाली. "हाराबद्दल मी पाया पडते. कोपऱ्याबद्दल नाही पडणार. आठ दिवस दिले होते तुम्ही. आज सहावा आहे."

"सहाव्याच दिवशी माणूस मेलं की आपलं."

"कुठं मेलं?"

रागिणी एव्हाना तिच्या मांडीवरून उतरली होती. बाजेवर पडलेल्या पेपरपर्यंत ती रांगत गेली, सवयीप्रमाणे तिनं कोपऱ्यातल्या फोटोवर बोट ठेवलं आणि आईकडे बघितलं. हे कोण?

शिवकन्यानं तिचं बोट धरलं आणि नेमसिंगाच्या गालावर नेऊन टेकवलं. "हे," ती म्हणाली.

पोरीनं बोट उचललं, फोटोवर ठेवलं, पुन्हा गालावर. मग तिनं मिशी धरून ओढली. नेमसिंगानं ओढू दिली.

"मालक," मिशी सोडवून घेत तो म्हणाला, "कोपरा राहू द्या. अकरा वर्षं सगळ्यांनी समजावलं आमाला, तुमच्या कोपऱ्यानं एका सकाळी काम केलं. अन् मी खरंच जाईन तव्हा मला शेवटच्या पानावरच टाका."

"तिथं कोणी बघत नाही, नाईक. फार थोडे लोक येतील."

"म्हणून तर. तिथपर्यंत वाचून जे येतील, ते माझे."

काकांनी तांब्या घेऊन हात धुतले. त्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली आणि गाडी काढली.

आठवा दिवस आला आणि गेला. जुन्या पेपराचं नाव कोणी काढलं नाही. उलट कोपऱ्यासाठी पुढच्या दीड महिन्याची नावं लागली, आणि त्यातली बहुतेक साठीच्या पुढची. जो तो हाराचा फोटो घेऊन येई. शिवकन्या एकेकाचा हार काढून टाकी.

एके दुपारी ऑफिसात कोणी नाही असं बघून काकांनी तिच्या टेबलावर एक फोटो ठेवला. त्यांचाच. गळ्यात हार.

"मंगळवारी माझा आहे," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "कोपऱ्यात टाक. 'शुभेच्छा' वगैरे जरा बारीक टाक. बाराच्या अक्षरात."

"अठ्ठावीस," शिवकन्या म्हणाली.

"मी मालक आहे."

"पानाचा नियम आहे, काका. बारीक केलं तर सगळ्यांचंच करावं लागेल."

"मग हार तरी राहू दे."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मुलगा पुण्याला होता. तिनं हार राहू दिला. अक्षरं अठ्ठावीसचीच ठेवली.

मंगळवारी सकाळी सातपासून काका धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले. पण आता कोपऱ्याची गोष्ट जिल्हाभर झाली होती, आणि लोक तिथली अक्षरं वाचायला शिकले होते. मोबाईलवर केक आले, फुलं आली, जोडलेले हात आले. नऊ वाजले तरी फाटक वाजलं नाही.

साडेनऊला एक टेम्पो थांबला. त्यातून फेटेवाला उतरला, मागून घोंगडीवाला. घोंगडीवाल्याच्या हातात फडक्यात बांधलेलं पातेलं होतं.

"अहो, मी आहे अजून," काका घाईनं उठत म्हणाले. "पेपर वाचला नाही का?"

"वाचला की. मोठ्ठी अक्षरं हायेत," नेमसिंग ओट्यावर बसत म्हणाला. "म्हणून तर गरम गरम आणलं. तुमी मेल्यावर आणलं असतं तर खाल्लं कोणी असतं?"

नामाजीनं फडक्याची गाठ सोडली. पिठलं अजून वाफाळत होतं.