तात्या येळवंडे आणि बेचाळीस व्ह्यूजची गाणी

किसनतात्या येळवंडे रोज सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी कंपनीच्या बसमध्ये चढतात आणि हेडफोनच्या वायरचं एक टोक माझ्या कानात खुपसतात. विचारत नाहीत. "राम राम" नाही, "झोपलास का रं" नाही. दुसरं टोक स्वतःच्या कानात घालतात, मोबाइलवर गाणं लावतात आणि दुसऱ्याच ओळीला ते थांबवून म्हणतात, "हां. काय म्हणाला त्यो?"

मी सांगायचं. नुसतं सांगून भागत नाही, त्यांच्या खिशातल्या डायरीत लिहूनही द्यायचं. मोशी ते चाकण सव्वा तास लागतो. एवढ्या वेळात माणूस एक झकास झोप काढू शकतो, आणि अख्खी बस ती काढते. मी मात्र दोन वर्षं शाळेतल्या पोरासारखा शुद्धलेखन लिहितोय. मी लातूरहून इथं पोट भरायला आलो, परीक्षा द्यायला नाही!

एकदा वैतागून म्हणालो, "असंच काहीतरी म्हणाला, तात्या."

"असंच कायतरी म्हंजी? तू स्टोअरमध्ये नोंद करताना असंच कायतरी लिहितोस का, ए स्टोअर?"

स्टोअर म्हणजे मी. माझं नाव त्यांना माहीत आहे, पण ते माणसाला खात्यानं हाक मारतात. स्वतः तपासणीत आहेत. आधी वीस वर्षं प्रेस शॉपमध्ये पत्रा ठोकला, आता दुसऱ्यांनी ठोकलेला तपासतात. वय छप्पन्न, मोशीच्या जुन्या घरातले, कपाळाला बुक्का. अशा माणसानं सकाळी अभंग ऐकावेत. तात्या रॅप ऐकतात.

तेही कुणाचं? ज्याचं नाव त्याच्या शेजाऱ्यालाही माहीत नसतं त्याचं. कंटेनरच्या मापावरून 'चाळीस फुटी' नाव घेतलेला एक बँड आहे, चौघंही ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला. तळवड्याचा एक वेल्डर आहे, तो फक्त वीज गेल्यावर गाणी लिहितो. ही माणसं तात्यांना कुठं सापडतात, देव जाणे. चहाच्या टपरीवर विचारतात, पार्सलवाल्याला अडवून विचारतात, "तुमच्यात कोण गातं का?" गाण्याला बेचाळीस व्ह्यूज असले की यांचा चेहरा खुलतो. चार लाख असले की म्हणतात, "ते पास झालेलं हाय. आपलं काय काम?" आणि मुंबई-दिल्लीचं कुणी लावलंच तर, "बाहेरचा माल आपन तपासत न्हाई."

प्रत्येक गाण्याखाली तात्यांचा शेरा असतो. एका पोरानं लिहिलं होतं की चाकण चौकात पाच मिनिटं अडकलो आणि आयुष्य आठवलं. तात्यांनी खाली लिहिलं: "पाच मिनिटांत चाकण चौक कोणीही पार केलेला नाही. माप चुकले आहे. दुरुस्त करून पुन्हा सादर करणे. बाकी माल उत्तम. कि. येळवंडे, तपासणी विभाग." पोरानं खरंच पाचाची पन्नास केली. गाणं सुधारलं, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं.

वाकडला त्यांचा एक भाचा राहतो, आयटीवाला. घरच्या जेवणात तात्यांनी दाखवलेलं गाणं अंगठ्यानं पुढं ढकलत तो सहज बोलून गेला, "मामा, गाणं कसंय ते दहा सेकंदांत कळतं. नाही आवडलं की पुढचं."

तात्यांनी पुरणपोळीचा घास ताटात ठेवला. "धा सेकंदांत? आरं, पोरगं दिवसभर कंपनीत राबून सा सा महिनं लिहितं, उसना माईक आनून बोलतं, आन तू अंगठ्यानं ढकलतोस? पूर्ण माप घेतल्याबिगर रिजेक्ट करायचं न्हाई! आन केलंस तर कारन लिही!" भाच्याला ते गाणं तीनदा ऐकावं लागलं. हे मला त्या भाच्यानंच सांगितलं, आणि पहिल्यांदाच मला आयटीतल्या माणसाची दया आली.

गेल्या महिन्यात मात्र कहर झाला. भोसरीतल्या एका वर्कशॉपात मशीनवर काम करणारी एक मुलगी आहे. मशीनवर पार्ट कापताना ते दुधासारखं, उग्र वासाचं गार पाणी सोडतात ना, त्याचंच नाव तिनं घेतलंय, 'कूलंट'. तिचं एकच गाणं आलं होतं. तात्यांच्या शेऱ्याखाली तिनं लिहिलं: "तात्या, दुसरं तुम्हाला समोर बसून ऐकवायचंय. तुम्ही नाही म्हणालात तर टाकणार नाही. घरचेही नको म्हणतायत."

"रविवारी यायचंय तुला," तात्या म्हणाले.

"मी कशाला? मला रविवारी झोप—"

"यायचंय."

गेलो. चडफडत गेलो. स्पाइन रोडच्या एका हॉटेलात ती आधीच येऊन बसली होती. पंचवीसेक वर्षांची, ओढणी डोक्यावरून घेतलेली, लाजरी. तात्यांनी सवयीनं वायर काढली.

"मोबाइलमध्ये नाहीये, तात्या," ती म्हणाली. "रेकॉर्डच केलं नाही अजून. अशीच म्हणते."

आणि मान खाली घालून, टेबलावर बोटं वाजवत तिनं सुरुवात केली. बाहेर ट्रक, आत मिक्सर. मी पुढं झुकलो आणि राग विसरून गेलो. पोरगी काय बोलत होती, राव! संपलं तेव्हा माझ्या चहावर साय धरली होती.

"तात्या, शेवटच्या दोन ओळी ठेवू का काढू?" मान वर करून तिनं विचारलं. "आई म्हणते, काढ. लोक काय म्हणतील."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. गेली दोन वर्षं हा माणूस माझ्यावर डोळे वटारत आला होता, आणि आता ते डोळे जणू हात जोडत होते. हात टेबलाखाली होता, त्यात डायरी होती, ती त्यांनी माझ्या गुडघ्यावर ठेवली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांना यातलं काहीही ऐकू आलं नव्हतं.

"ताई," मी म्हणालो, "पुन्हा म्हणा. सावकाश, एकेक ओळ. मला लिहून घ्यायचंय." चांगल्या अक्षरात लिहिलं.

साबण तीनदा, लिंबू दोनदा, तरी वास जाईना,
पाहुणे बघायला आले, चहा कुणी घेईना.
नाक मुरडून निघून गेले नव्या कोऱ्या गाडीनं,
तिचा गिअर कापलाय राव ह्याच वासाच्या पोरीनं.

तात्यांनी वाचलं. बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "ठेव. एक अक्षर काढायचं न्हाई. लोकं म्हनतील ते म्हनतील, त्यांनी कारन लिहून द्यावं. पर एक कमी हाय. चहा कुनी घेतला न्हाई म्हनतीस. केला कुनी व्हता?"

"आईनं."

"मग ती कुठाय गान्यात?"

मुलीनं ओढणीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "घालते, तात्या. आणि टाकते."

डायरीत नंबर लिहून ती गेल्यावर आम्ही रस्त्यानं चालत निघालो. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि मोठ्यानं, तोंड नीट हलवत विचारलं, "कधीपासून?"

"प्रेसवर व्हतो तवापासून. हळूहळू गेलं. ठोका कळतो, पोटात वाजतो. शबुद कळत न्हाईत. समोरचा बोलला की ओठ बघून वळखतो, गान्यात ओठ कुठनं दिसायचे?"

"कंपनीत दरवर्षी कान तपासतात की!"

"ती बाई काचंपल्याड बटन दाबती. दाबताना तिचा खांदा हलतो. तो बघून मी हात वर करतो. कळलं तर गेटवर बसवतील, स्टोअर. रिटायरला दोन वर्सं ऱ्हायलीत."

मला भयंकर राग आला. कंपनीचा आला, कानांसाठी नुसते कापसाचे बोळे देऊन वीस वर्षं पत्रा ठोकून घेतला म्हणून. तात्यांचा आला, मला एका शब्दानं सांगितलं नाही म्हणून. आणि स्वतःचा तर इतका आला की थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. ज्याला मी दोन वर्षं मास्तर समजून शिव्या दिल्या, तो माणूस माझे कान उसने मागत होता.

"मग अभंग ऐकत बसा की," मी ओरडलो. "हे नवं कशाला?"

"अभंग डोक्यात हायेत, त्यास्नी कान लागत न्हाईत. नवं मातर ऐकावंच लागतं. आन आपल्याकडचं असलं की निम्मं अंदाजानं कळतं. मोशीचा पोरगा पुढं काय म्हननार, ते मला म्हाईत असतं. पोरीचं जरा अवघड जातं. बारीक आवाज येतच न्हाई."

थोडं चाललो. मग त्यांनी माझी बाही धरली.

"तिचा आवाज कसा हाय रं?"

मला सांगता येईना. स्टोअरमध्ये हजार जिनसांची नावं पाठ आहेत, पण आवाजाचं वर्णन कधी केलं नव्हतं. शेवटी स्पाइन रोडच्या फुटपाथवर मी हात पोटापाशी धरला. "इथं सुरू होतो, तात्या. दबका, जरा घोगरा. आणि 'पोरीनं' म्हणते ना, तेव्हा..." मी हात डोक्याच्या वर नेला, जाईल तितका वर. येणारेजाणारे बघत होते.

तात्यांनी त्या हाताकडं बराच वेळ पाहिलं.

"एवढा?" ते म्हणाले. "आन मी तिला आवाजाचं कायच बोललो न्हाई. लाव फोन. सांग तिला, तात्यांनी ऐकला म्हनून."

मी फोन लावला.