दिगूमामाची लोखंडी बाई

दिगूमामाकडं मोडका नांगर सांधायला टाकला, तर तो नांगर म्हणूनच परत येईल याची हमी नसायची. औशाकडचा एक पाटील आठवड्यानं आला.

"मामा, माझा नांगर?"

"उडाला."

पाटलानं वर बघितलं. दुकानाच्या पत्र्यावर फाळाच्या चोचीचा बगळा उभा! पाटील शिव्या देत गेला आणि दुसऱ्या दिवशी बायकोपोरांना बगळा दाखवायला घेऊन आला.

लातुरात मामाचं वेल्डिंगचं दुकान आमच्या घराला लागून. मोडक्या वस्तूला भंगार म्हटलेलं त्याला खपायचं नाही. "मेलं न्हाई ते, दमलंय." लोखंड जोडून मूर्ती करणारा माणूस आमच्या भागात तोवर कुणी बघितलाच नव्हता. पुढं गल्लीतले तिघं वेल्डर मोर करायला लागले. मामा म्हणायचा, "कोंबड्या हायत त्या."

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा एका नव्या कचेरीत कारकून लागलो. साहेबांना दारात काहीतरी शोभेचं हवं होतं. मी मामाचं नाव सुचवलं. साहेब म्हणाले, मोर चालेल. मामानं बाई केली. बहात्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावर मोडलेली घमेली न् हातोडे त्यानं जपून ठेवले होते, तेच जोडून. डोक्यावर घमेलं, डावा खांदा उतरलेला. तोंडच नाही.

"मामा, शिल्पाला चेहरा लागतो," मी पदवीच्या जोरावर सांगितलं.

"ओ बीए, नऊदा केला, नऊदा कापला. तिचा वाटंना."

"कुणाचा?"

"तू फायली बघ."

साहेबांनी बजावलं, तोंड लावा, नाहीतर परत न्या. मामा थेट हातगाडी घेऊनच कचेरीत आला. "दुसरीचं तोंड मी लावणार न्हाई."

तेवढ्यात माय माझा डबा घेऊन आली. दुष्काळात तीही मामाच्या बायकोच्या, कौसामामीच्या जोडीनं खडी फोडायची. मामी त्याच साली तापानं गेली. मायनं त्या बाईभोवती एक फेरी मारली.

"अगं बया, कौसी! घमेलं घेतलं की अशीच कलायची."

"पण मावशी, तिला तोंड कुठंय?" साहेब म्हणाले.

"तोंडावर समद्यांच्याच धूळ असायची, सायेब. आमी चालीवरूनच वळकायचो."

साहेबांनी हातगाडी रिकामी परत पाठवली.

वेल्डिंगचं मशीन दुकानात होतं, ठिणगीचा पत्ता नव्हता. तरी मामानं खिशातला वेल्डिंगचा काळा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.